धर्मगुरूंचे शिक्षण आणि बदलता समाज

धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना शिक्षण देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेला ‘सेमिनरी’ असे म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. शेतकरी वाफ्यात बी पेरतो, त्यावर सावली धरतो, पाणी बेताने देतो आणि रोप हाताशी आले की ते मोकळ्या रानात लावतो. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेच्या चळवळीने कॅथलिक धर्मसंस्थेला मोठा हादरा दिला. तोपर्यंत गावोगावच्या धर्मगुरूंच्या शिक्षणाची एकसारखी अशी व्यवस्था नव्हती. ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ साली असा आदेश दिला, की प्रत्येक बिशपने आपल्या क्षेत्रात धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी विद्यालय काढावे. कोवळ्या वयातील मुलांना जगाच्या वाऱ्यापासून दूर ठेवून वाढवावे आणि पुरेसे बळ आल्यावर त्यांना लोकांमध्ये पाठवावे, अशी त्यामागील दृष्टी होती. रोपवाटिका हे नाव या दृष्टीला अगदी साजेसे होते.

कुंपणाआड वाढविणे हेच ज्या शिक्षणाचे मूळ तत्त्व, त्याने बदलत्या समाजाशी जुळवून घ्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? अभ्यासक्रमात मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा संगणक यांसारखा एखादा विषय वाढविला म्हणजे हे काम झाले, असे पुष्कळदा समजले जाते. परंतु विषय वाढविणे हा बदलाचा सर्वांत सोपा भाग होय. हे शिक्षण कोणाला उत्तरदायी आहे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ते केवळ धर्मसंस्थेच्या अधिकाऱ्यांना उत्तरदायी आहे, की विद्येच्या जगालाही? शेजारी नांदणाऱ्या इतर धर्मीयांना ते काही देणे लागते काय? आणि ज्या सामान्य, बहुधा गरीब माणसांसाठी धर्मगुरू तयार करावयाचा, त्यांचा या शिक्षणावर काही हक्क आहे की नाही? गेल्या शंभराहून अधिक वर्षांत भारतातील धर्मविद्यालयांना हे प्रश्न एकामागून एक भेटले. त्यांची वाटचाल समजून घेण्यास बंगळूर शहराइतके सोयीचे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

विद्यापीठाबाहेरची विद्या

प्रथम एक पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. युरोपातील अनेक जुन्या विद्यापीठांत ईश्वरविज्ञान, म्हणजे ज्याला ख्रिस्ती मंडळी ‘थिऑलॉजी’ म्हणतात, तो एक प्रतिष्ठित विषय होता. भारतात मात्र १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेल्या विद्यापीठांनी धर्मशिक्षणाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने हीच भूमिका अधिक स्पष्ट केली. केवळ सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो; तर आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना देतो. परिणाम असा झाला, की धर्मगुरूंचे शिक्षण ज्या त्या धर्माच्या आवारात वाढले आणि विद्यापीठातील विद्या आपल्या वेगळ्या मार्गाने गेली. एकाच शहरात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना या दोन विद्या नांदत. पण त्यांची गाठभेट होत नसे.

याला एक महत्त्वाचा अपवाद होता. बंगालमध्ये हुगळीच्या काठी सेरामपूर येथे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली एक महाविद्यालय काढले. सेरामपूर त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली सनद देऊन या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. पुढे १९१८ सालच्या कायद्याने या अधिकाराची नीट घडी बसविण्यात आली आणि सेरामपूरच्या सिनेटमार्फत देशभरातील संलग्न धर्मविद्यालयांना ईश्वरविज्ञानाच्या पदव्या मिळू लागल्या. अभ्यासक्रम, परीक्षा, परीक्षक, प्रबंध ही सारी विद्यापीठीय व्यवस्था अशा रीतीने धर्मशिक्षणात आली. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याची भक्ती मोजता येत नाही. मात्र हिब्रू व ग्रीक भाषांचे त्याचे ज्ञान मोजता येते. पदवीमुळे धर्मविद्यालय प्रथमच विद्येच्या जगाला उत्तरदायी झाले.

एका छपराखाली

बंगळूरची छावणी १८०९ साली वसली. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मलयाळम या चारही भाषाप्रदेशांतून येथे येणे सोयीचे होते. हवा थंड होती आणि इंग्रजीचा वावर होता. याच छावणी भागात १९१० साली युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज सुरू झाले. लंडन मिशनरी सोसायटी, वेस्लियन मेथडिस्ट मिशन यांसारख्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मिशनांनी मिळून ते उभारले होते. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु त्या काळी प्रत्येक मिशनचा पंथ वेगळा, उपासनेची रीत वेगळी आणि बाप्तिस्म्याविषयीची मतेही वेगळी होती. आपला पाळक आपल्याच पंथाच्या शाळेत घडला पाहिजे, असा प्रत्येकाचा आग्रह असणे स्वाभाविक होते. तो आग्रह सोडून सर्व पंथांच्या विद्यार्थ्यांनी एकाच वर्गात बसावे, एकाच भोजनगृहात जेवावे आणि एकाच शिक्षकाकडून बायबल शिकावे, असे येथे ठरले. पुढे २७ सप्टेंबर १९४७ रोजी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या परंपरांच्या दक्षिणेतील मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा या एकीची सवय धर्मविद्यालयांच्या वर्गांत आधीच लागलेली होती.

या महाविद्यालयाच्या प्रारंभीच्या काळात प्राचार्यपद सांभाळणारे एल. पी. लार्सन हे डॅनिश मिशनरी तमिळ भाषेचे जाणकार होते. तमिळ बायबलच्या सुधारित भाषांतराशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. तरीही संस्थेची सूत्रे दीर्घकाळ परदेशी हातांतच राहिली. जे. रसेल चंद्रन हे पहिले भारतीय प्राचार्य झाले ते १९५४ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सात वर्षांनी. १९८३ पर्यंत ते या पदावर होते. १९७६ साली दारेसलाम येथे आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांची जी संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षपद चंद्रन यांच्याकडे आले. युरोपात तयार झालेले प्रश्न आणि युरोपातच तयार झालेली उत्तरे शिकणे एवढेच आपले काम नाही, ही जाणीव या काळात दृढ झाली.

शेजाऱ्याचा धर्म

शेजारी नांदणाऱ्या इतर धर्मांकडे पाहण्याची दृष्टी हा बदलाचा दुसरा टप्पा होय. जुन्या सेमिनरीत हिंदू वा इस्लाम धर्माचा अभ्यास होत असेच. परंतु त्याचा हेतू बहुधा त्या धर्मातील उणिवा दाखविण्याचा असे. बंगळूरमध्ये हा हेतू हळूहळू पालटत गेला. पी. डी. देवनंदन यांनी १९३० व ४० च्या दशकांत युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात धर्मांचा इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. हिंदू धर्मातील आधुनिक चळवळींकडे त्यांनी अभ्यासकाच्या आस्थेने पाहिले. १९५७ साली बंगळूरमध्येच धर्म व समाज यांच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र ख्रिस्ती संस्था स्थापन झाली. देवनंदन तिचे संचालक होते आणि १९६२ साली त्यांच्या निधनानंतर ती धुरा एम. एम. थॉमस यांनी सांभाळली. नियोजन, लोकशाही, जमीनसुधारणा, औद्योगिक कामगार हे विषय तेथे ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात चर्चिले जाऊ लागले.

याचे कारण शहरातच होते. १९४० साली बंगळूरमध्ये विमानांचा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनीयंत्रे, घड्याळे व यांत्रिक अवजारे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे तयार करणारे सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने येथे उभे राहिले. रविवारी प्रार्थनामंदिरात बसणारा माणूस सोमवारी कारखान्याच्या पाळीवर जात होता. त्याच्या यंत्राशेजारी उभा राहणारा सोबती हिंदू वा मुसलमान होता, त्याची संघटना एकच होती आणि त्याचा संपही एकच होता. अशा माणसाला शेजाऱ्याच्या धर्माविषयी केवळ खंडनाच्या गोष्टी सांगणारा पाळक उपयोगाचा नव्हता.

कर्नाटकातील कार्कळ येथे जन्मलेले स्टॅन्ली समर्थ हे याच महाविद्यालयात शिकवीत. १९७१ पासून त्यांनी जिनिव्हा येथील चर्चच्या जागतिक परिषदेत धर्मांमधील संवादाच्या विभागाचे काम पाहिले. महाविद्यालयातील डॅनिश इतिहासकार काय बागो यांनी तर १९६६ साली, हिंदू, बौद्ध वा मुसलमान माणसाने ख्रिस्तानुयायी होण्यासाठी ख्रिस्ती समाजात दाखल झालेच पाहिजे काय, असा प्रश्न लेखणीने उभा केला. त्यावर वादळ उठले. धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेत शिकविणाऱ्या माणसानेच हा प्रश्न विचारावा, हे अनेकांना मानवले नाही. त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. कुंपण काढल्यावर रोपाचे रक्षण कोण करणार, ही शंका पोकळ म्हणता येत नाही. संवादात दोन्ही पक्षांनी काही ऐकावयाचे असते, आणि ऐकणाऱ्याचे मत बदलण्याची शक्यता त्यात गृहीतच असते.

रोमहून आलेला बदल

प्रॉटेस्टंट विद्यालयांत बदल वादविवादातून, मंडळ्यांच्या संमतीने आला. कॅथलिक विद्यालयांत तो वरून आला, परंतु आला तेव्हा त्याचा वेग मोठा होता. व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी परिषदेने दोन महत्त्वाचे दस्तऐवज जाहीर केले. त्यांतील एक धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी होता आणि दुसरा ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयी. पहिल्याने सांगितले, की प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीला अनुसरून शिक्षणाचा आराखडा तयार करावा. दुसऱ्याने सांगितले, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये. हे दोन दस्तऐवज एकत्र वाचले, तर बंगळूरमध्ये पुढे जे घडले त्याचा उलगडा होतो.

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील सेंट पीटर्स सेमिनरीची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाँडिचेरी येथे फ्रेंच मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली ती सुरू झाली आणि १९३४ साली बंगळूरला आली. केरळातील सी. एम. आय. या धर्मसंघाने १९५७ साली आपले विद्यालय चेत्तिपुळा येथून बंगळूरला आणले आणि त्याला ‘धर्माराम’ असे नाव दिले. १९७६ साली रोमने तेथील ‘धर्माराम विद्या क्षेत्रम्’ या संस्थेला उच्च पदव्या देणाऱ्या विद्यापीठाचा दर्जा दिला. एका ख्रिस्ती गुरुकुलाने संस्कृत नाव धारण करावे, भारतीय दर्शने अभ्यासाला लावावीत आणि १९७५ पासून निरनिराळ्या धर्मांच्या अभ्यासाला वाहिलेले एक नियतकालिक चालवावे, ही त्या काळातील विचारांची दिशा होती. याच धर्मसंघाने शेजारच्याच आवारात १९६९ साली सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी क्राइस्ट कॉलेज सुरू केले. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा रीतीने पूर्वी एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या असलेल्या दोन विद्या येथे एका भिंतीच्या अंतरावर आल्या.

उपासनेतील बदलाचे केंद्रही बंगळूरच होते. डी. एस. अमलोर्पवदास यांच्या नेतृत्वाखाली येथे बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांसाठी एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. १९६९ साली रोमने भारतीय चर्चच्या उपासनेसाठी बारा सूचनांना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे, मेणबत्तीऐवजी समई लावणे अशा त्या गोष्टी होत्या. भावी धर्मगुरूंनी त्या शिकाव्यात, असे अपेक्षित होते. काहींना त्यांत आपले घर सापडल्यासारखे वाटले. काहींना मात्र त्यांत हिंदू देवळाचे अनुकरण दिसले. आणखी काहींनी जो आक्षेप घेतला तो अधिक मूलगामी होता. ज्या देवळाच्या पायरीवरही आमच्या आजोबांना उभे राहू दिले नाही, त्या देवळाचे उपचार ‘भारतीय’ म्हणून आमच्यापुढे का ठेवता, असा प्रश्न दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी विचारला. भारतीय होणे म्हणजे कोणासारखे होणे, हा पेच त्यातून पुढे आला.

वर्गात आलेली वेदना

या पेचाला शब्द देण्याचे काम महाराष्ट्रातून आलेल्या एका अभ्यासकाने बंगळूरमध्ये केले, ही गोष्ट मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी. १९८१ सालच्या एप्रिल महिन्यात युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील केरी सोसायटीपुढे अरविंद निर्मळ यांचे समारोपाचे भाषण झाले. भारतातील ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आजवर वेदान्ताशी बोलत आले, ब्राह्मण परंपरेच्या संज्ञांत विचार करीत आले. परंतु ज्यांच्या बळावर भारतीय चर्च उभे आहे त्या शूद्र व अस्पृश्य समाजांच्या अनुभवाला त्यात स्थान नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भाषणात त्यांनी ‘शूद्र’ हा शब्द योजला होता. पुढे त्यांनी ‘दलित’ हा शब्द स्वीकारला.

हा शब्द कोठून आला, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती. बाबुराव बागुलांच्या कथा व दया पवारांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’ यांनी मराठी वाचकाला खडबडून जागे केले होते. साहित्याने जे केले, तेच ईश्वरविज्ञानात करावयाचे होते. निर्मळ यांच्या मते वेदना ही कृतीच्या आधीची असते. जो सोसतो त्याला देवाविषयी जे कळते, ते न सोसणाऱ्याला ग्रंथातून कळत नाही. म्हणून दलितांचे ईश्वरविज्ञान दलितांनीच घडविले पाहिजे. पुढे मद्रास येथील गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि त्याचे नेतृत्व निर्मळ यांच्याकडे आले. १९९५ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत हा विचार सेरामपूरच्या पदव्यांच्या अभ्यासक्रमात रुजू लागला होता.

या बदलाचे महत्त्व केवळ वैचारिक नाही. १९५० साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. तो १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला; ख्रिस्ती व मुसलमान दलितांना तो मिळालेला नाही. राज्याच्या दृष्टीने ज्यांची जात धर्मांतराने संपली, त्यांची जात मंडळीत, लग्नात आणि कधी कधी दफनभूमीतही संपलेली नसते. अशा माणसांमध्ये काम करणाऱ्या पाळकाला जातीचा प्रश्न टाळता येत नाही. वर्गात तो शिकविला गेला नाही, तर पहिल्याच नेमणुकीत तो दारात उभा राहतो.

स्त्रियांच्या प्रश्नाचेही असेच झाले. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास प्रारंभ केला. मग त्यांना शिक्षण देणे ओघानेच आले, आणि त्या वर्गात बसू लागल्यावर बायबलमधील स्त्रियांच्या कथा पूर्वीसारख्या शिकविणे अवघड झाले. कॅथलिक धर्मसंस्था स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देत नाही. तरीही ईश्वरविज्ञानाच्या पदव्या घेणाऱ्यांत आता धर्मभगिनी व सामान्य गृहस्थही असतात. ज्या वर्गात पूर्वी एकाच वयाचे, एकाच व्रताचे तरुण बसत, तेथे निरनिराळ्या जीवनाचे अनुभव घेऊन माणसे येऊ लागली, की शिक्षकाला आपली जुनी टिपणे बाजूस ठेवावी लागतात.

इतर धर्मांची विद्यालये

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती विद्यालयांपुरता नाही. याच बंगळूरमध्ये पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ स्वामी यांनी १९५६ साली पूर्णप्रज्ञ विद्यापीठ स्थापन केले. तेथे न्याय, मीमांसा व मध्वमताचा वेदान्त यांचे अध्ययन गुरूच्या सान्निध्यात राहून, पंक्ती लावून केले जाते. ‘न्यायसुधा’ हा जयतीर्थांचा अवघड ग्रंथ पुरा करणे हा त्या अध्ययनाचा कळस समजला जातो. परंपरेनुसार जयतीर्थ हे आपल्या मंगळवेढ्याचे. अशा विद्यापीठापुढील पेच वेगळा आहे. एका ग्रंथाला वर्षे देणारी जुनी पद्धती राखावी, की वार्षिक परीक्षांच्या चौकटीत ती बसवावी? परीक्षेमुळे विद्यार्थ्याला नोकरी मिळू शकते. परंतु परीक्षेपुरते वाचण्याची सवय एकदा लागली, की पंक्ती लावण्याचा धीर राहत नाही.

मदरशांच्या बाबतीतही हेच दिसते. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांनी जो पाठ्यक्रम घडविला, तो ‘दर्स-ए-निजामी’ या नावाने प्रसिद्ध आहे. व्याकरण, तर्क, धर्मविधी, कुराणाचे विवरण, हदीस असे त्याचे स्वरूप असून देशातील बहुसंख्य मदरसे त्याच्याच सुधारित आवृत्त्या आजही शिकवितात. तर्कशास्त्रावर त्यात दिलेला भर पाहता, आपल्या काळी तो आधुनिकच होता, हे विसरता कामा नये. बंगळूरमध्ये १९६० साली स्थापन झालेले दारुल उलूम सबीलुर रशाद हे दक्षिणेतील एक नामांकित केंद्र आहे. मदरशातून बाहेर पडलेल्या तरुणाला विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून देशातील काही विद्यापीठांनी निवडक मदरशांच्या प्रमाणपत्रांना मान्यता दिली आहे. २०१३ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यासाठी जोड-अभ्यासक्रमही सुरू केला. तिन्ही परंपरांत प्रश्न एकच आहे. धर्मविद्येच्या खोलीला धक्का न लावता विद्यार्थ्याला आपल्या काळात उभे राहण्याचे बळ कसे द्यावे?

भाषेचा अडसर

आजवर सांगितलेल्या बदलांत एक उणीव राहून गेली आहे, आणि ती लहान नाही. बंगळूरमधील ख्रिस्ती उच्च धर्मशिक्षण मुख्यतः इंग्रजीतून चालते. निरनिराळ्या राज्यांतील विद्यार्थी एकत्र यावयाचे असतील, तर त्याला पर्याय नाही, असे म्हटले जाते. आणि ते खरेही आहे. परंतु जो विद्यार्थी चार-पाच वर्षे इंग्रजीतून देवाविषयी विचार करावयास शिकला, त्याला शेवटी कलबुर्गीच्या वस्तीत कन्नडमधून किंवा जालन्याच्या खेड्यात मराठीतून बोलावयाचे असते.

ही अडचण केवळ भाषांतराची नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘तारण’, ‘उद्धार’ व ‘मुक्ती’ हे तीन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. ‘तारण’ म्हटले की बुडणाऱ्याला कोणी हात दिल्याचे चित्र उभे राहते; शिवाय कर्जासाठी ठेवलेले तारणही मनात येते. ‘उद्धार’ या शब्दात वर उचलणे आहे; संतांनी तो वापरला आणि समाजसुधारकांनीही. ‘मुक्ती’ हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका सुचवितो, आणि गेल्या शतकात त्याला गुलामीतून सुटकेचा अर्थही चिकटला. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या नव्या विचाराला मराठीत ‘मुक्तीचे ईश्वरविज्ञान’ म्हटले, तर वारीला जाणाऱ्या शेजाऱ्याला त्यात एक गोष्ट ऐकू येईल आणि भूमिहीन मजुराला दुसरी. यांपैकी कोणता शब्द निवडावा, हे ठरविणे म्हणजेच ईश्वरविज्ञान होय. इंग्रजी वर्गात हा निर्णय घेण्याची वेळच येत नाही.

जुन्या मंडळींना हे ठाऊक होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, ते मराठी ओवीत. सेरामपूरच्या केरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवीत. पण त्यांची खरी शिकवण त्यांच्या अभंगांतून आणि कीर्तनांतून खेड्यांपर्यंत पोहोचली. या माणसांजवळ आजच्यासारख्या पदव्या नव्हत्या. आजच्या पदवीधराजवळ त्यांच्याइतकी लोकभाषेवरील पकड सहसा नसते. दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.

रानात लावलेले रोप

अलीकडच्या काळात या दिशेने काही पावले पडली आहेत. सेरामपूरच्या अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाबरोबर मंडळ्यांतील प्रत्यक्ष कामाला स्थान आहे. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या सामान्य श्रद्धाळूंना घरबसल्या ईश्वरविज्ञान शिकता यावे म्हणून सिनेटने दूरशिक्षणाची सोय केली आहे. कॅथलिक परंपरेत १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्मगुरूच्या घडणीचे मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व लोकसेवेचे असे चार पैलू सांगितले. मानवी घडणीवाचून बाकीच्या तिन्हींना पायाच राहत नाही, असा त्यातील आशय होता. डिसेंबर २०१६ मध्ये रोमने जाहीर केलेल्या आराखड्यात प्रारंभी पूर्वतयारीचा स्वतंत्र काळ आणि अखेरीस लोकांमध्ये राहून काम करण्याचा टप्पा आवश्यक मानला आहे. ट्रेंटच्या परिषदेने उभारलेल्या कुंपणाला रोमने स्वतःहून पाडलेले हे दार आहे.

सन २०२० च्या महामारीत वर्ग बंद झाले आणि शिक्षण संगणकाच्या पडद्यावर गेले. त्या काळात एक गोष्ट नव्याने कळली. ग्रीक व्याकरण पडद्यावर शिकविता येते. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणे, भांडणाऱ्या दोन कुटुंबांत मध्यस्थी करणे, प्रेताला खांदा देणे या गोष्टी तशा शिकविता येत नाहीत. एकत्र राहण्यात जे शिक्षण होते, त्याचे मोल त्या निमित्ताने ध्यानात आले. रोपवाटिकेची जुनी कल्पना सर्वस्वी टाकाऊ नव्हती, असाही त्याचा अर्थ आहे. चूक झाली असेल तर ती सावलीत नव्हे, सावलीचा काळ नको तेवढा लांबविण्यात झाली.

बंगळूरच्या या विद्यालयांनी शंभराहून अधिक वर्षांत विद्येच्या जगाला, शेजाऱ्यांच्या धर्माला आणि उपेक्षितांच्या वेदनेला आपल्या वर्गात जागा दिली. प्रत्येक वेळी काही तरी जुने सोडावे लागले, आणि सोडताना भांडणे झाली. जेथे भांडण झाले नाही, तेथे बहुधा केवळ विषय वाढले आणि शिक्षण होते तसेच राहिले. यापुढील परीक्षा मात्र बंगळूरच्या ग्रंथालयात व्हावयाची नाही. पदवी घेऊन परतलेला तरुण एखाद्या लहान प्रार्थनामंदिरात उभा राहील. समोर दिवसभर ऊस तोडून आलेली, हिशोबात उचल फिटली नाही म्हणून चिंतेत असलेली माणसे बसलेली असतील. तो काय बोलतो ते त्यांना कळले, आणि ती काय बोलतात ते त्याला कळले, तर हे शिक्षण आपल्या काळाशी जुळले असे म्हणता येईल.